हँडल निवडताना आधी ब्रेक पाहावा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नाशिकच्या गंगापूर रोडवरून सोमेश्वरकडे जात असताना माझ्या पुढची रिक्षा प्रवासी दिसताच इशारा न देता डावीकडे वळून थांबली. माझे दोन्ही हात त्या वेळी रोडबाईकच्या, म्हणजे शर्यतीच्या धाटणीच्या सायकलीच्या, टोके खाली वळलेल्या वाकड्या हँडलच्या वरच्या आडव्या भागावर होते आणि ब्रेकचे लिव्हर तिथून वीतभर पुढे होते. हात उचलून ते आवळेपर्यंत माझे पुढचे चाक रिक्षावर आदळले. गुडघा खरचटण्यावर निभावले. पण तेव्हापासून हँडलकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे जाते, म्हणजे हात हलवण्यात अर्धा सेकंद गेला तरी ब्रेक लागण्यापूर्वीच साडेतीन मीटर रस्ता संपलेला असतो. त्या दिवशी माझे ब्रेक चांगले होते आणि लक्षही रस्त्यावरच होते. चुकीच्या जागी होते ते हात.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा त्या बातमीने भारावून मीही रोडबाईक घेतली. त्या खरेदीचा मला आजही पश्चात्ताप नाही. वाकड्या हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात आणि लांबच्या प्रवासात त्याचे मोल कळते, कारण तळहाताच्या एकाच भागावर सतत दाब राहिला की तिथून जाणारी शीर दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात. त्र्यंबकेश्वरला जाऊन परत येण्याच्या जवळपास ६० किलोमीटरांत हा त्रास मी सरळ हँडलवर अनुभवला आहे. घाट उतरताना तर हात खालच्या वळणात असावेत असेच मी म्हणेन. तिथून बोटे लिव्हरच्या टोकाजवळ पडतात, त्यामुळे कमी जोर लावूनही ब्रेक घट्ट लागतो.

शहरातली गोष्ट मात्र निराळी आहे. सीबीएस, शालिमार, रविवार कारंजा या नाशिकमधल्या गजबजलेल्या भागांत दर काही मीटरांवर वेग कमी करावा लागतो, मागून काय येते आहे ते मान वळवून पाहावे लागते, आणि कंबरेतून वाकलेल्या माणसाला ते जड जाते. सरळ हँडलवर पाठ ताठ राहते आणि दोन बोटे कायम लिव्हरवर ठेवता येतात. फक्त त्याची रुंदी पाहून घ्यावी. हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधल्या सायकलीचे हँडल साधारण ५८० ते ६२० मिलिमीटर असते, तर डोंगरी सायकलीचे ७२० मिलिमीटरच्याही पुढे जाते. खडकाळ वाटेवर ती रुंदी आधार देते, पण मेन रोडच्या गर्दीत तेच टोक दुचाकीच्या आरशात अडकले तर पुढचे चाक झटक्यात त्याच बाजूला वळते आणि सावरायला वेळ मिळत नाही. हँडल कापून घेता येते. परंतु दोन्ही बाजूंनी सारखे, एका वेळी एकच सेंटिमीटर, आणि मूठ व लिव्हर यांना जागा उरते आहे याची खात्री करून. कापलेल्या टोकाला बूच लावल्याशिवाय मात्र सायकल दुकानाबाहेर काढू नये. उघडी नळी पोटात घुसून मुलांना गंभीर इजा होतात, आणि दहा-वीस रुपयांच्या त्या बुचाकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होते, याचे मला फार वाईट वाटते.

रोडबाईकलाच सरळ हँडल बसवावे, असा विचार मी केला होता. एका दुकानदाराने जुनेच लिव्हर नव्या हँडलवर बसवून देण्याची तयारीही दाखवली. पण सरळ हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाडीची असते आणि वाकड्याची २३.८, त्यामुळे एकाचे लिव्हर दुसऱ्यावर नीट आवळले जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक लिव्हर तार किती ओढतो ते ठरलेले असते. उदाहरणार्थ, रोडबाईकचा लिव्हर व्ही-ब्रेकला, म्हणजे चाकाची कड दोन लांब भुजांनी दाबणाऱ्या ब्रेकला, जोडला तर तार कमी ओढली जाते आणि ब्रेक पुरता लागण्याआधीच लिव्हर हँडलला टेकतो. हँडल बदलायचे तर लिव्हर आणि गिअर बदलण्याचे खटके, म्हणजे शिफ्टरही, बदलण्याची तयारी हवी. तारेचे ब्रेक असलेल्या रोडबाईकवर आडव्या भागासाठी वेगळे जादा लिव्हर बसवता येतात. एकच सायकल बाळगणाऱ्याला मी तो उपाय सुचवीन.

मी स्वतः रोडबाईक रविवारच्या त्र्यंबक फेरीपुरती ठेवली आणि सातपूरला कामावर जाण्यासाठी सरळ हँडलची हायब्रिड घेतली. पुढचा ब्रेक उजव्या लिव्हरला आहे, हे घेतानाच पाहिले. उजवीकडे वळताना उजवा हात दाखवला तरी डाव्या हातात मागचा ब्रेक उरतो, आणि फक्त पुढचाच ब्रेक दाबून कोलमडण्याची भीती राहत नाही.

मुलीची सायकल घेताना दुकानदार रंग दाखवत होता आणि मी तिची बोटे पाहत होतो. लिव्हर तिच्या हाताला लांब पडत होते. लिव्हरवरचा बारीक स्क्रू ॲलन कीने थोडा थोडा फिरवत गेलो आणि तिची दोन बोटे मूठ न सोडता लिव्हरवर सहज टेकली, तेव्हाच मी पैसे दिले.