ब्लॉक, मूठ आणि आयर्विनची पातळी

सांगलीत पावसाळ्यात चार माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर फारच. आमच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्येही खेळ सुरू होण्याआधी हेच बोलणं चालतं.

माझं दुखणं मात्र वेगळं होतं. समोरच्यानं टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेनं फिरकी देणारा फटका, ओढला की माझा ब्लॉक, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून परतवलेला बॉल, टेबलाच्या हातभर पलीकडं. विश्रामबागेत आम्ही संध्याकाळी सात ते नऊ खेळतो. समोर बहुतेक वेळा इंजिनिअरिंगचा एक पोरगा असतो. फोरहँडनं असा लूप, म्हणजे भरपूर टॉपस्पिनचा फटका, मारतो की टप्पा पडल्यावर बॉल सरपटत पुढं येतो आणि रबराला लागला की वर उसळतो. माझं वय शेहेचाळीस. मारामारीत त्याला पुरा पडणार नाही हे कबूल, पण ब्लॉक तरी आला पाहिजे ना!

सगळे उपाय करून झाले. बॅट पुढं झुकवली, तर दहातले चार नेटमध्ये, बाकीचे तरीही बाहेर. टप्पा पडताच लवकर घ्यायला लागलो, थोडा फरक पडला. जाड स्पंजचं रबर काढून पातळ स्पंजचं लावलं, त्यात पैसे गेले आणि चार दिवस बरं वाटलं. नवीन रबराचं तसंच असतं, चार दिवस सगळ्यांनाच बरं वाटतं.

हॉलमध्ये एक निवृत्त शिक्षक येतात. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. अजून पेनहोल्डनं, म्हणजे बॅट पेनासारखी धरून, खेळतात, स्वतः फार पळत नाहीत, पण नजर पक्की. एकदा रॅलीच्या मध्येच ते माझ्या बाजूला आले. मी तयारीत वाकून उभा, समोरचा मारायच्या बेतात. सरांनी माझ्या बॅटचं वरचं टोक धरून ओढलं. बॅट आली नाही, मी आलो तिच्यामागं.

"अहो, बॅट धरलीय का विहिरीतला दोर?"

पोरं हसली. मला वाटलं सर गंमत करतायत. मग पोरानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि माझं मलाच दिसलं. बॉल अजून नेटच्या पलीकडं, पोराचा हात नुसता मागं गेलाय, आणि इकडं माझी मूठ आवळली गेलीय. रबराच्या खालच्या कडेला टेकवलेल्या पहिल्या बोटाचं नख पांढरंफटक. आणि मूठ आवळताना बॅटचं तोंड किंचित वर उघडतंय. म्हणजे मी झुकवून ठेवलेला अँगल मीच, माझ्याच मुठीनं, ऐन वेळी बिघडवत होतो. चूक अँगलमध्ये दिसत होती म्हणून मी चार महिने अँगलच्याच मागं लागलो होतो.

यातलं कारण सरांनी सांगितलं ते असं. बॉल असतो २.७ ग्रॅमचा, आणि रबराला टेकलेला राहतो साधारण सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात तुम्ही हातानं काही म्हणजे काही करू शकत नाही. 'बॉल लागला की हात सैल सोड' असं सगळे सांगतात, पण ते तसं जमणारच नाही. जो काय दाब ठेवायचा तो बॉल यायच्या आधीच हातात हवा. घट्ट धरलेली बॅट भिंतीसारखी वागते, आलेला वेग तसाच परत. सैल हातातली बॅट मागं जाऊन थोडा वेग खाते. आणि दुसरं, बोटं आवळणारे स्नायू असतात मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मूठ गच्च झाली की मनगट जाम. बॉल थोडा वेगळा आला तरी बॅट जागची हलत नाही.

मग सरांनी मूठ किती आवळलीय याचं माप काढलं, अर्थातच आयर्विनचं. एक ते दहा. पाच म्हणजे इशारा, सात म्हणजे धोका. पोरगा एकाच जागी लूप मारणार, बॉल नेट ओलांडताना सर ओरडणार, "पातळी?" आणि मी आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी माझा आकडा येईपर्यंत बॉल मागच्या भिंतीला लागलेला असायचा. पण खरं बोललो तर तयारीत तीन आणि पोराचा हात मागं गेला की आठ. भीतीच ती, दुसरं काय.

आवळू नको म्हणून मूठ आवळायची थांबत नाही. कामाला आला तो एक साधा प्रकार. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बॅटच्या दांड्यावरून उचलून ठेवायचं, बॅट नुसती अंगठा आणि दोन बोटांत धरायची, आणि तसेच पन्नास ब्लॉक करायचे. तिथं जोर लावायलाच काही उरत नाही. पहिल्यांदा बॉल नेटच्या जरा वरून जाऊन पलीकडं शांत पडला तेव्हा आवाजही वेगळा आला, आधीचा 'टक्' नाही, मऊ 'टप्'. पोरगा पुढं धावला आणि पोचला नाही. "काका, हे काय?" म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग व्हायचं तेच झालं, मी दुसऱ्या टोकाला गेलो. दोनवर खेळायला लागलो. जोरात स्मॅश आला की बॅट हातात फिरायची. त्यात पावसाळी दमट हवा, तळहाताला घाम. एकदा बॅट निसटून टेबलाच्या कडेवर आपटली आणि लाकडाचा कपचा उडाला. आता खिशात नॅपकिन असतो. सामन्यातसुद्धा दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घ्यायची मुभा नियमातच आहे, ती आधी मी कधी वापरली नव्हती.

सध्या माझं असं बसलंय. जोराच्या लूपला तीन-चार. बॉल नेटजवळ मारायचा असेल तर दोन. समोरचा हळू, उंच लूप देतोय असं दिसलं तर पाच, आणि हात थोडा पुढं ढकलायचा. पण हे आकडे माझ्या हाताचे. पोराचा तीन म्हणजे माझा पाच असेल. अँगलला सुट्टी नाही, बॅट झुकवावीच लागते, फक्त आता झुकवलेली तशीच राहते. उजवा हात संध्याकाळी दुखायचा, तोही थांबला.

पोरगा मात्र हुशार. त्यानं आता बॉल माझ्या कोपरावर टाकायला सुरुवात केलीय, जिथं फोरहँड घ्यावा की बॅकहँड हेच कळत नाही. तिथं पातळी अजून आठ. काल सरांनी विचारलं आणि मी सांगितलं, तर ते म्हणाले, "मग गाव रिकामं करा," आणि चहाला गेले.