"सध्या" म्हणजे किती दिवस?

"मुलगा हुशार आहे, पण भाषा कच्ची आहे. सध्या खालच्या गटात बसवू."

बाईंचं हे वाक्य आज मलाच भाषांतर करून त्याच्या आईला सांगावं लागलं. दोन वर्षांपूर्वी परदेशातून आलेलं कुटुंब.

आईने एकच विचारलं, "सध्या म्हणजे किती दिवस?"

बाई गप्प. मीही.

अभ्यासापुरती नवी भाषा पक्की व्हायला पाच-सात वर्षं लागतात. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे साधारण 10व्या वर्षीच, मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात. फिनलंडमध्ये 16व्या वर्षापर्यंत सगळी एकत्र शिकतात. तेवढ्यात भाषा गाठता तरी येते!

परतताना तो मला गणिताची वही दाखवत होता. सगळी उत्तरं बरोबर.

त्याला कोण सांगणार?