बेरीज बरोबर आहे

आमच्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. दूध आलं नाही त्या दिवसाच्या चौकटीत फुली, पाहुण्यांसाठी जास्त घेतलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दोन'. महिना संपला की दूधवाले काका दारात उभं राहून वही काढायचे. बाबा बसल्या जागेवरून एवढंच विचारायचे, "एकूण किती?" आई मात्र कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून एकेक चौकट वाचायची. एकदा नऊ तारखेचा खाडा काकांनी धरला नव्हता आणि बावीसचं जास्तीचं लिटर लिहायला विसरले होते. म्हणजे एकूण तेवढंच. बाबा म्हणाले, "मग झालं तर!" आई म्हणाली, "झालं कसं? दोन्ही दुरुस्त करा."

गोल्फमधलं मला फारसं कळत नाही. काठी हातात धरलेली नाही, दुसऱ्याची धरलेली पाहून कंटाळाच आलेला आहे. पण जॅकी पंगची गोष्ट वाचली आणि हे कॅलेंडरच डोळ्यांसमोर आलं.

१९५७ची अमेरिकन महिला ओपन. न्यूयॉर्कजवळचा विंग्ड फूट क्लब. शेवटच्या दिवशी तेव्हा दोन फेऱ्या खेळाव्या लागत, म्हणजे एका दिवसात ३६ होल्स, चेंडू घालायचे ३६ खड्डे. पंग हवाईची, वय ३५. १९५२ साली तिने अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा जिंकली होती आणि जिंकल्यावर तिथेच हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, नाचली होती. पुढच्याच वर्षी ओपनमध्ये ती आणि बेट्सी रॉल्स बरोबरीत आल्या, जादा फेरी झाली आणि पंग हरली. आता चार वर्षांनी पुन्हा समोर तीच रॉल्स. चार फेऱ्यांचे मिळून रॉल्सचे २९९ फटके. पंगचे २९८.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, म्हणजे पंग एका फटक्याने जिंकली. टाळ्या, फोटो, मिठ्या.

आता गोल्फची एक गंमत. आपले फटके अधिकृत कार्डावर आपण लिहायचे नसतात. बरोबर खेळणारी आपले लिहिते, आपण तिचे. शाळेत शुद्धलेखनाच्या वह्या शेजारच्याशी बदलून तपासायचो, तसंच. शेवटी आपलं कार्ड वाचायचं, सही करायची आणि द्यायचं. कार्ड दिलं की संपलं. खऱ्यापेक्षा जास्त फटके लिहिले गेले असतील तर ते जास्तीचेच पदरात. कमी लिहिले गेले असतील तर थेट बाद.

पंगचं कार्ड लिहीत होती बेटी जेमसन. ही काही नवखी नव्हे. १९४७ साली याच स्पर्धेत २९५ फटक्यांत जिंकून ३००च्या आत येणारी ती पहिली. चौथ्या होलला पंगला सहा फटके लागले, जेमसनने लिहिले पाच. आणि त्याच होलला जेमसनलाही सहाच लागले होते, पंगनेही पाचच लिहिले! शाळेत आमच्या बाईंनी अशा दोघींना कॉपी समजून बाकावर उभं केलं असतं. इथे दोघींनी सह्या केल्या आणि दोघीही बाद झाल्या.

खरं चटका लावणारं पुढेच आहे. पंगच्या कार्डावर तळाला फेरीची बेरीज ७२ लिहिली होती आणि ती बरोबर होती. सहा धरूनच केलेली. तिने कुणाला फसवलं नव्हतं, एकही फटका चोरला नव्हता. पण खेळाडूची सही असते ती चौकटींसाठी. बेरीज करणं हे समितीचं काम. तीच तेवढी अचूक, आणि तिला किंमत शून्य. पंगनेही बाबांसारखा तळाचाच आकडा आधी पाहिला असेल का?

मला नियमाचा रागच आला होता. मग वाटलं, प्रत्येक खेळाडूमागे काही पंच फिरत नसतो. सगळा खेळ त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आणि सहीवर तोललेला. तरीही बाद म्हणजे जरा अतीच. फार तर दोन फटके दंड करायचा होता. मग हिशेब केला: २९८ अधिक दोन, ३००. तरीही हरलीच असती की! पण निदान दुसरी आली असती.

तिथल्या लोकांना हे बघवलं नाही. क्लबच्या सभासदांनी पुढाकार घेतला, पंगसाठी वर्गणी निघाली, आणि जमलेली रक्कम पहिल्या बक्षिसाच्या १८०० डॉलरहून जास्त भरली. चषक अर्थात रॉल्सचा. आजही नोंद अशी दिसते: रॉल्स २९९, दुसरी पॅटी बर्ग ३०५. सहा फटक्यांनी विजय. वाचणाऱ्याला वाटावं, किती आरामात जिंकली! ही रॉल्स गणित आणि भौतिकशास्त्राची पदवीधर, आणि १९८० साली पुरुषांच्या अमेरिकन ओपनच्या नियम समितीवर बसलेली पहिली बाई तीच. पंगला ही स्पर्धा पुढे कधीच जिंकता आली नाही. ती हवाईला परतली, लोकांना गोल्फ शिकवत राहिली आणि पंच्याण्णव वर्षं जगली.

२०२४ साली जॉर्डन स्पीथसारखा कसलेला गडी लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत असाच बाद झाला. चाराच्या जागी तीन असलेल्या कार्डावर सही. होल कितवं? चौथंच.

दूध आता ॲपवर येतं. महिन्याचं बिल आलं की मी तळाचा आकडा बघून बोट टेकवते. तारखांची यादी उघडायला एक बाण दिलेला आहे, तो मी अजून दाबलेला नाही.

परवा आईला ही सगळी गोष्ट सांगितली. गोल्फ म्हणजे काय, हे तिने विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "हिचं लिहीत कोण होतं?"

"बरोबर खेळणारी."

"आणि तिचं?"

"हीच."

आईने क्षणभर विचार केला. "मग चौथ्याला दोघी गप्पा मारत असणार."