इनोसानांच्या पुतळ्यापाशी

मंडळाच्या गणपतीला हॉल पुरत नाही. जानेवारीत टोकियोतल्या तोमिओका हाचिमान या शिंतो देवळात जायचं म्हटलं की मात्र दरवर्षी तीच वीस-बावीस डोकी. निशिकासाईहून तोझाई लाइनच्या मेट्रोने देवळाजवळचं मोन्झेन-नाकाचो स्टेशन असं कितीसं लांब आहे? असो. जे येतात त्यांच्याविषयी लिहितो.

हात धुणं, दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं, हे सगळं आता अंगवळणी पडलंय. देवस्थान १६२७ सालचं, पण आजचं देऊळ महायुद्धानंतरचं, हे नव्या मंडळींना सांगून झालं की कुणाचा तरी हमखास फोन येतो, "आम्ही पोचलो, तुम्ही कुठे आहात?" ते शेजारच्या फुदोच्या बौद्ध देवळात उभे असतात.

माझा जीव अडकलेला असतो तो जपानचा नकाशा काढणाऱ्या इनो तादाताकांच्या पुतळ्यात. हातात काठी, पाऊल पुढे टाकलेलं. तिथे आमच्या इमारतीतले निवृत्त शिक्षक, म्हणजे सेन्सेई, बोलतात आणि एक वहिनी मराठीत सांगतात. सावाऱ्याच्या या व्यापाऱ्याने पन्नाशीला दारू गाळायचा पिढीजात धंदा मुलाच्या हवाली केला, एदोत, म्हणजे तेव्हाच्या टोकियोत, येऊन स्वतःपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान गुरूचे पाय धरले आणि पंचावन्नाव्या वर्षी, १८०० साली, पावलं मोजत एझोच्या वाटेला लागला. एझो म्हणजे आजचं होक्काइदो. मोजणीला निघण्याआधी या देवाच्या पाया पडायचं, हा त्यांचा नेम. १८१८ मध्ये ते गेले. शिष्यांनी ती बातमी बाहेर फुटू दिली नाही, १८२१ला नकाशा पुरा केला आणि मगच सांगितलं. इथे सेन्सेईंचा आवाज खाली येतो. वहिनीही थांबतात. मी यंदा चोपन्नचा झालो, म्हणून असेल, पण मला त्यानंतर पाच मिनिटं कुणाशी बोलवत नाही.

तीळगूळ वळणाऱ्या दोघी काकू, थर्मासमधून चहा आणणारे जावईबापू, बाबागाडी जिन्यावरून उचलणारी कॉलेजची पोरं, तिकिटांचा हिशेब ठेवणारे खजिनदार, आणि गेल्या वर्षी ज्यांचे आभार मानायचे राहिले ते छत्र्या सांभाळणारे काका. काका, यंदा तुमचं नाव यादीत पहिलं होतं, तुम्हीच आला नाहीत.

परतताना सात वर्षांची एक चिमुरडी स्टेशनपर्यंत पावलं मोजत निघाली. सेन्सेईंनी सांगितलं होतं, इनोसानांचं एक पाऊल ६९ सेंटिमीटरचं. दोनशे अकरावर तिच्या आजीने तिळाची वडी पुढे केली आणि आकडा चुकला. ती परत देवळाकडे धावली.