मागचं झाकण

दुपारचा वरणभात डोळ्यांवर यायला लागला होता, तेवढ्यात आतल्या खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. लेकाचा गेमिंग लॅपटॉप. पूर्वी गेम चालू असला तरच ओरडायचा, आता कॉलेजची साधी पीडीएफ उघडली तरी पंखे किंचाळतात. "किती महिन्यांनी साफ करायचा असतो रे हा?" विचारलं, तर म्हणाला, "कोणी तीन म्हणतं, कोणी सहा, कोणी वर्ष."

वर्षवाला घोडबंदर रोडला राहत नसावा. मेट्रो ४ चे खांब उभे राहायला लागल्यापासून आमच्या कासारवडवलीत सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. पावसाळ्यात थोडी उसंत, ऑक्टोबर उजाडला की पुन्हा तेच. त्यात हे यंत्र पोटाखालून हवा ओढणार आणि मागून-बाजूनं गरम वारा सोडणार. मध्ये तांब्याच्या नळ्या आणि बारीक पात्यांची जाळी. जाळीवर धूळ, घरातले केस, चादरीचे तंतू साचत गेले की हवा अडते. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या घरात गेला की आपण होऊन वेग कमी करतो. मग चिरंजीव म्हणतात, गेम अडखळतोय, नवा घेऊया. आणि खेळणार कुठे, तर पलंगावर, गोधडीवर ठेवून. खालची भोकंच बंद!

माझं मत विचाराल तर ठाण्यात दर तीन महिन्यांनी बाहेरून हवेचा झोत मारावा आणि वर्षातून एकदा तरी झाकण उघडावं. झाकण उघडायला मला आवडतं, हे खरं कारण. वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पेनानं झाकणाचा आकार काढायचा आणि जिथला स्क्रू तिथेच ठेवायचा. पुष्कळदा काही लांब असतात, काही आखूड. आधी बॅटरीची जोडणी सोडवायची. मग ब्रश, ब्लोअर. पंख्याचं पातं टूथपिकनं अडवून धरायचं, नाहीतर झोतानं ते नको तितकं गरगरतं आणि बेअरिंगची वाट लागते. तोंडानं फुंकर मारायची नाही. लेक फुंकरच मारतो, थुंकीसकट. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता तांब्याकडे पोचवणारा मधला लेप, मात्र दर खेपेला उकरत बसू नये. दोन-तीन वर्षं झाली आणि धूळ काढूनही तापमान उतरेना, तर बघावं.

वर्तमानपत्राची खोड बाबांची. बाबा वागळे इस्टेटीत एका कारखान्यात ग्राइंडरवर होते. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात याच इस्टेटीत झाली, हे ते असं सांगायचे की जणू फीत त्यांनीच कापली. शनिवारचा शेवटचा तास मशीन पुसण्याचा. खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायचे. त्या दिवशी मशीन ओळखू येत नसे. झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढ्यात पेढे. मशीनशेजारी खिळ्याला एक कार्ड लटकत असायचं. तेल कधी दिलं, पट्टा कधी बदलला, सही कोणाची, सगळं त्यावर. कार्डालाही कुंकू लागायचं. बाबा माझ्या हातात कॉटन वेस्टचा बोळा द्यायचे. "पूस. वरवर नको, फटीत बघ." एवढं चकचकीत केल्यावरही फटीत काहीतरी निघायचंच. तेलात कालवलेली लोखंडाची नि ग्राइंडिंग व्हीलची काळी भुकटी. "हे आत राहिलं ना, की मशीन साइज देत नाही," ते म्हणायचे. मला साइज म्हणजे काय ते कळत नसे. पेढा कधी मिळतोय, एवढंच लक्ष.

काम कोरडं. ठिणग्या उडायच्या, त्यांच्यामागून धूळ. बाबा तोंडाला रुमाल बांधायचे, उकडायला लागलं की तोही काढून ठेवायचे. छातीचा पहिला एक्स-रे निवृत्तीनंतर निघाला, खोकला हटेना म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, नोकरीत काम काय करायचात? बाबांनी मशीनचं नाव सांगितलं, आणि मग ते इतक्या वर्षांत एकदाही कसं बंद पडू दिलं नाही, ते सांगत बसले.