हवाईतला रोडिओ: काय बघायचं, कुठे बसायचं

४ जुलैच्या सुट्टीत हवाईला असाल, तर एक दिवस समुद्रकिनारा सोडून डोंगराकडे चला. बिग आयलंडवर (म्हणजे हवाई नावाच्याच बेटावर) वाइमेआ आणि माउईवर मकावाओ ही गुराखी गावं. या सुमारास दोन्हीकडे रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धा, भरवायची जुनी पद्धत आहे. तारखा मात्र निघण्याआधी तपासा.

इथल्या काउबॉयला पानिओलो म्हणतात. त्याला अमेरिकन वेस्टची नक्कल समजू नका. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली आणि राजाने त्यांच्या शिकारीवर बंदी घातली. गुरं रानोमाळ वाढली, शेतं तुडवू लागली. मग १८३० च्या दशकात मेक्सिकन गुराखी बोलावले गेले, त्यांनी स्थानिकांना घोडा आणि फास शिकवला. टेक्सासहून उत्तरेकडे गुरांचे तांडे निघाले ते यानंतर कितीतरी वर्षांनी. १९०८ मध्ये तर वाइमेआच्या इकुआ पर्डीने थेट वायोमिंगमधल्या शायानला जाऊन, उसन्या घोड्यावर, बैल फासून बांधण्याची स्पर्धा ५६ सेकंदांत जिंकली.

बुल रायडिंग आणि बॅरल रेसिंग अमेरिकेत कुठेही दिसेल. इथे नजर ठेवायची ती पोओ वाइ ऊ या प्रकारावर. पूर्वी मौना केआ डोंगरावरच्या जंगलात रानटी बैल फासला की शिंगांनी झाडाला जखडून ठेवत. त्याची मस्ती जिरली की माणसाळलेल्या बैलाशी जोडून खाली आणत. मैदानात झाडाऐवजी बेचक्याचा खांब असतो. स्वार शिंगात फास टाकतो, दोर बेचक्यातून घेतो, घोड्याच्या जोरावर बैलाचं डोकं खांबाशी आणतो आणि उतरून आखूड दोरीने बांधतो. फास बहुतेकांचा बसतो, घोळ होतो तो पुढे: बैल खांबाच्या भलत्याच बाजूने वळतो किंवा दोरात घोड्याचाच पाय येतो.

डबल मगिंगमध्ये दोघं असतात. एक घोड्यावरून फास टाकतो, दुसरा धावत जाऊन बैलाचं डोकं धरतो. मग दोघं मिळून त्याला आडवा पाडून तीन पाय बांधतात. हात वर झाले की वेळ थांबते, पण गाठ पुढे ६ सेकंद टिकावी लागते. एक पाय सुटला की सगळी मेहनत पाण्यात. या सगळ्यात स्वाराविना उभा असलेला घोडा बघा. मागे सरकून तो दोर ताणून धरतो. तो ढिला पडला, तर खाली दोन माणसांना बैल आवरत नाही.

फास टाकण्याच्या खेळांसाठी बैल सोडतात त्या फाटकाच्या बाजूची जागा धरा. बैलाला ठरलेली आघाडी मिळण्याआधीच स्वार सुटला तर १० सेकंदांचा दंड बसतो, तो तिथूनच कळतो.

मिरवणूक असेल तर लवकर पोचा. पाऊ (घागऱ्यासारखं नेसायचं लांब कापड) नेसलेल्या बायका घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतात, अगदी आपल्या नऊवारीतल्या घोडेस्वार बायकांसारख्या. हे कापड १२ वारांपर्यंत भरतं, शिवलेलं नसतं. कमरेच्या घडीत कुकुईच्या बिया खोचून पीळ दिला की ते जागचं हलत नाही. प्रत्येक बेटाची स्वारीण वेगळी, रंग आणि फूलही वेगळं: हवाई बेटाचा लाल आणि लेहुआ, माउईचा गुलाबी आणि लोकेलानी.

वाइमेआ ८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वारा बोचरा आणि भुरभुर पाऊस कधीही, त्यामुळे जाकीट हवंच. धूळ उडते, पांढरे कपडे नकोत. खाण्याच्या ठेल्यांवर बीफचा बोलबाला: स्ट्यू बहुधा बीफचाच, पिपिकाउला म्हणजे तर बीफच्या सुकवलेल्या पट्ट्या. खात नसाल तर घेण्याआधी विचारा. शाकाहारींनी डबा घेऊन निघावं, कारण तिथे बर्फाचा गोळा सोडला तर हाती फार काही लागत नाही, आणि मालासादात (तळलेल्या गोड गोळ्यात) अंडं असतं.