एका हाताच्या वाट्याचं वजन

दहावीपर्यंत मराठीतून शिकलो, अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं एकदम इंग्रजीत सुरू झालं, त्यात आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी फळ्यावर इक्विव्हॅलंट वेट लिहिलं. ॲटॉमिक वेट भागिले व्हॅलन्सी हे सगळ्यांचं पाठ होतं, पण म्हणजे नेमकं काय ते कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, "फुगडी पाहिली नं बाप्पा? व्हॅलन्सी म्हणजे अणूचे हात. हायड्रोजनले एकच हात, ऑक्सिजनले दोन. मग एका हायड्रोजनच्या वाट्याले ऑक्सिजन किती? अर्धा. म्हणून सोळाचे आठ." मॅग्नेशियम २४ चं, हात दोन, म्हणून १२. एका हाताच्या वाट्याला येणारं वजन, बस! अणूंची वजनं कुणी ठरवायच्या आधीच, १७९२ च्या सुमारास, रिश्टर नावाचा जर्मन माणूस किती ॲसिडला किती अल्कली पुरते याचा हिशोब मांडत होता, हेही त्यांच्याच तोंडून ऐकलं.

पण खरं डोक्यात बसलं ते प्रॅक्टिकलला. ऑक्टोबरचं नागपूरचं ऊन, त्यात बर्नर पेटलेले म्हणून पंखे बंद. ऑक्झॅलिक ॲसिड १.५७५ ग्रॅम तोलून २५० मिली केलं, त्यातलं पिपेटनं घेऊन, सल्फ्युरिक ॲसिड घालून गरम केलं आणि ब्युरेटमधून जांभळं पोटॅशियम परमँगनेट सोडायला लागलो. पहिला थेंब जाता जात नाही, मग पुढचे पटापट विरतात, आणि शेवटी फिकट गुलाबी टिकला पाहिजे. माझ्या फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ पाणी झालं. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं होतं. मला वाटलं आता सर ओतून टाकायला लावतील, तर त्यांनी फ्लास्क उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि अख्ख्या बॅचला जवळ बोलावलं. "इथं हातांच्या जागी इलेक्ट्रॉन मोजायचे. ॲसिड पुरलं की हे परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेते, त्याचं वजन १५८, भागिले ५, म्हणजे ३१.६. इथं काही तीनवरच थांबलं, म्हणून हा गाळ, त्याचं ५२.६७. पावडर तेच, बाटली तेच, काम बदललं."

आज मी पाणी तपासायचं काम करतो. अल्कलिनिटीच्या, म्हणजे पाणी किती ॲसिड झेलू शकतं त्याच्या, हिशोबात कॅल्शियम कार्बोनेटचे ५० रोज येतात, १०० चे अर्धे. मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात सगळा भर मोलवर, म्हणजे कण मोजायच्या मापावर आहे, आणि ते बरोबरच आहे, पण मागच्या रविवारी अंबाझरीला फिरताना तिनं विचारलं, बाबा, हे पन्नास आले कुठून, तर मी तिथंच तलावाच्या काठावर तिचे दोन्ही हात धरले.